भावनियंत्रणाचा भंग आणि न्यायालयातील पुरावा

(पंचायत सदस्य, शिक्षक व पुरवठा खात्यातील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जीवनावश्यक वस्तूंचे भाव कडाडले, की दोन मागण्या हटकून पुढे येतात. शासनाने भाव बांधून द्यावेत, ही पहिली. आणि बांधून दिलेल्या भावापेक्षा अधिक पैसे घेणाऱ्यास तुरुंगात धाडावे, ही दुसरी. पहिली मागणी एका अधिसूचनेने पुरी होऊ शकते. दुसरी पुरी व्हावयाची, तर तिला न्यायालयाच्या दारातून जावे लागते. त्या दारात लोकांचा संताप चालत नाही आणि वर्तमानपत्रातील मथळाही चालत नाही. तेथे पुरावाच लागतो.

धाड पडली, माल जप्त झाला, दुकानाला टाळे लागले, आणि काही वर्षांनी आरोपी निर्दोष सुटला, असे घडले म्हणजे 'पैसेवाल्याला कायदा लागत नाही' असे उद्गार ऐकू येतात. त्या उद्गारांमागील उद्वेग समजण्यासारखा आहे. परंतु पुष्कळदा असा खटला न्यायालयात उभा राहण्यापूर्वीच हरलेला असतो. धाडीच्या दिवशी, दुकानाच्या फळीसमोर जे पाहिले गेले नाही, मोजले गेले नाही वा लिहिले गेले नाही, ते पुढे कितीही निष्णात सरकारी वकील उभा केला तरी निर्माण करता येत नाही. म्हणूनच भावनियंत्रणाच्या खटल्यात नेमके काय शाबीत करावे लागते, याची जाण निरीक्षकापासून पंचापर्यंत सर्वांना असणे अगत्याचे आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्य, मीठ, कापड, रॉकेल अशा वस्तूंचे नियंत्रण भारत संरक्षण नियमांखाली होत असे. युद्ध संपल्यावर १९४६ साली अत्यावश्यक पुरवठ्याविषयीचा तात्पुरता अधिनियम आला आणि १९५५ साली संसदेने आजही अंमलात असलेला अत्यावश्यक वस्तू अधिनियम संमत केला. या अधिनियमाच्या कलम ३ खाली शासन आदेश काढून वस्तूंचे उत्पादन, वाटप, साठा आणि किंमत यांचे नियमन करू शकते. भावविषयक आदेशाचा भंग करणाऱ्यास कलम ७ प्रमाणे सर्वसाधारणपणे किमान तीन महिने आणि कमाल सात वर्षे कारावास, शिवाय दंड, अशी शिक्षा सांगितली आहे.

शिक्षा एवढी कडक आहे, त्याअर्थी पुराव्याची कसोटीही कडक असणे ओघानेच येते. आरोपीचे कृत्य वाजवी संशयापलीकडे शाबीत झालेच पाहिजे. संशय उरला, तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. हा नियम नफेखोराच्या सोयीसाठी केलेला नसून, ज्याच्यावर उद्या खोटा आळ येऊ शकेल अशा प्रत्येक नागरिकाच्या रक्षणासाठी आहे.

असा खटला म्हणजे पाच दुव्यांची साखळी होय. आदेश कोणता होता, वस्तू कोणती व किती होती, विक्री झाली काय व कोणत्या भावाने, ती कोणी केली, आणि ती करणाऱ्याची मन:स्थिती काय होती, हे ते पाच दुवे. यांपैकी एक जरी निखळला, तरी साखळी तुटते.

पहिला दुवा : आदेश

खटल्याच्या आरंभीच न्यायालय विचारते, की त्या दिवशी, त्या ठिकाणी, त्या वस्तूचा कमाल भाव काय होता? 'भाव सर्वांनाच ठाऊक होता' हे याचे उत्तर होऊ शकत नाही. सर्वसाधारण स्वरूपाचा आदेश राजपत्रात अधिसूचित झाला पाहिजे, असे अधिनियमातच म्हटले आहे. लोकांना कळविलाच गेला नाही असा कायदा लोकांवर लादता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली हरला विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात स्पष्ट केले. ते प्रकरण जयपूर संस्थानच्या अफूविषयक कायद्याचे होते. परंतु तत्त्व भावनियंत्रणाच्या आदेशालाही तितकेच लागू पडते. म्हणून राजपत्राची प्रत, आदेशाची तारीख, त्यातील दुरुस्त्या आणि त्याची मुदत ही कागदपत्रे खटल्याच्या पहिल्या पानापासून जोडलेली असली पाहिजेत.

मुदतीचे महत्त्व अलीकडच्याच एका उदाहरणावरून ध्यानी येईल. कोरोनाच्या साथीत १३ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने मास्क आणि सॅनिटायझर या वस्तू ३० जून २०२० पर्यंत अत्यावश्यक म्हणून जाहीर केल्या. त्यानंतर दोनपदरी मास्कला ८ रुपये, आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरच्या बाटलीला १०० रुपये अशी किरकोळ विक्रीची कमाल मर्यादा घालण्यात आली; अन्य मापांच्या बाटल्यांची किंमत त्याच प्रमाणात धरावयाची होती. तेव्हा ५०० मिलिलिटरची बाटली ३०० रुपयांना विकली गेली असेल, तर कमाल किंमत २५० रुपये होती हा हिशेब, विक्रीची तारीख आणि बाटलीवरील माप ही तिन्ही अभिलेखात असावयास हवीत. तारीख मोघम लिहिली, तर आदेश त्या दिवशी अंमलात होता की नव्हता, हाच वाद उभा राहतो.

दुसरा दुवा : वस्तू आणि माप

भाव हा नेहमी विशिष्ट वस्तूचा, विशिष्ट प्रतीचा आणि विशिष्ट मापाचा असतो. १९७७ साली केंद्र शासनाने मोहरीच्या तेलाचा किरकोळ भाव किलोला १० रुपयांहून अधिक असू नये, असा आदेश काढला. ही किंमत डब्याची किंमत वगळून, परंतु कर धरून ठरविली होती. तेलगिरणीवाल्यांनी त्या आदेशाला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७८ साली प्राग आइस अँड ऑइल मिल्स या प्रकरणात तो आदेश वैध ठरविला.

आदेशाचे हे एकच वाक्य न्यायालयात किती प्रश्नांना जन्म देऊ शकते, ते पाहण्यासारखे आहे. विकलेले तेल मोहरीचेच होते काय? वजन डब्यासह केले की डब्यावाचून? घेतलेल्या पैशांत डब्याची किंमत होती काय? कर वेगळा लावला होता काय? जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याने 'तेल जादा भावाने विकले' एवढेच लिहिले असेल, तर यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्या कागदांत सापडणार नाही. याउलट रिकाम्या डब्याचे वजन, भरलेल्या डब्याचे वजन, नमुना कसा घेतला, मोहोर कोणाची लावली आणि पावतीत कोणकोणत्या बाबी होत्या, हे तेथल्या तेथे नोंदले असेल, तर उलटतपासणीचा अर्धा जोर तेथेच ओसरतो.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही बहुधा उत्पादकाने छापलेली असते. तिच्याहून अधिक पैसे घेणे हा वैध मापनशास्त्राच्या कायद्याचा विषय आहे. शासनाने आदेशाने बांधलेला भाव ही निराळी गोष्ट. चुकीच्या कायद्याखाली भरलेला खटला पहिल्याच सुनावणीत डळमळू लागतो.

तिसरा दुवा : विक्री

आदेशात कोणत्या कृत्यास बंदी आहे, हे शब्दश: वाचले पाहिजे. काही आदेश केवळ विक्रीस बंदी करतात, तर काही विक्रीस देऊ करण्यासही. अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे आदेशभंगाचा प्रयत्नही भंगासमानच आहे. परंतु तयारी आणि प्रयत्न यांत भेद आहे. पंजाबातून भाताच्या निर्यातीस बंदी असताना भाताची पोती घेऊन दिल्लीकडे निघालेला एक ट्रक समालखा नाक्यावर अडविण्यात आला. नाका दिल्लीपासून ३२ मैलांवर होता आणि प्रांताची हद्द अद्याप ओलांडावयाची होती. मलकियतसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली असे ठरविले, की ही फार तर तयारी होय. चालकाचे मन वाटेत पालटूही शकले असते. त्याच न्यायाने, दुकानात माल भरलेला आढळणे म्हणजे तो जादा भावाने विकला गेला असे नव्हे. साठामर्यादेचा भंग हा निराळा आरोप असून तो निराळ्या पुराव्याने शाबीत करावा लागतो.

जादा भावाची विक्री उघडकीस आणण्यासाठी पुष्कळदा बनावट गिऱ्हाईक पाठविण्यात येते. या पद्धतीत गैर काही नाही. परंतु अशा सापळ्यातील साक्षीदार खटल्याच्या यशाविषयी आस्था बाळगणारे असतात, आणि म्हणून त्यांच्या साक्षीस स्वतंत्र दुजोरा आहे काय, हे न्यायालय पाहते. बिहार राज्य विरुद्ध बसावनसिंग या १९५८ च्या लाचलुचपतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सापळ्यातील साक्षीदारांच्या साक्षीची पारख कशी करावी, याचे विवेचन केले आहे. दुजोरा आकाशातून पडत नाही. तो जमवावा लागतो. गिऱ्हाइकाला दिलेल्या नोटांचे क्रमांक आधी पंचांसमक्ष लिहिणे, पंचाने व्यवहार दिसेल व बोलणे ऐकू येईल अशा अंतरावर उभे राहणे, गल्ल्यातून त्याच नोटा मिळाल्याची नोंद करणे, भावफलकावरील भाव उतरवून घेणे, पावती मागणे, आणि पावती नाकारली असल्यास तसे लिहिणे, या साध्या गोष्टींवर खटला तरतो.

आता पैसे पुष्कळदा भ्रमणध्वनीवरूनच चुकते होतात. हा व्यवहार नोटेपेक्षाही भक्कम पुरावा ठरू शकतो. मात्र १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. पडद्याचे नुसते छायाचित्र काढून फाईलला लावणे पुरेसे नाही. त्याच तारखेपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पोलिसांनी केलेल्या झडती-जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करण्याची तरतूद आहे, हेही ध्यानात ठेवावे.

चौथा दुवा : विक्रेता कोण?

गल्ल्यावर बसलेला नोकर, दुकानाचा मालक आणि पेढीचे भागीदार यांपैकी गुन्हा कोणाचा? दरभंगा जिल्ह्यातील मिठाच्या एका प्रकरणाने हा प्रश्न पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला. १९४३ साली ठरविलेल्या भावापेक्षा अधिक भावाने मीठ विकल्याचा आरोप होता, आणि नोकराने केलेल्या कृत्याची माहिती मालकाला असल्याचे शाबीत झाले नाही तरी मालक दोषीच, असे उच्च न्यायालयाचे मत होते. श्रीनिवास मल विरुद्ध बादशहा या १९४७ च्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने ते मत अमान्य केले. कायद्यात स्पष्टपणे वा अपरिहार्यपणे तसे म्हटलेले नसेल, तर अपराधी मनावाचून कोणालाही गुन्हेगार ठरविता येत नाही, असे तत्त्व त्याने सांगितले.

पेढी वा कंपनी असल्यास अधिनियमाचे कलम १० लागू होते. गुन्हा घडतेवेळी जो त्या धंद्याचा प्रत्यक्ष कारभार पाहत होता आणि त्यास जबाबदार होता, तो दोषी धरला जातो. शाम सुंदर विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात भातगिरणीच्या भागीदारांना सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निर्दोष ठरविले. कारण ते कारभार पाहत होते याचा पुरावाच आणलेला नव्हता. भागीदारीपत्रात नाव असणे आणि दुकान चालविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परवाना कोणाच्या नावे आहे, हिशेबवहीवर सह्या कोणाच्या आहेत, बँकेचे व्यवहार कोण करतो, आणि धाडीच्या वेळी हुकूम कोण देत होता, हे त्याच दिवशी विचारून लिहून ठेवले पाहिजे.

पाचवा दुवा : मन:स्थिती

या विषयात कायदा काळानुरूप बदलत गेला आहे. मध्य प्रदेशातील धार येथील नथुलाल नावाच्या धान्यव्यापाऱ्याकडे परवाना नसताना गव्हाचा साठा आढळला. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, शुल्क भरले होते आणि अधिकाऱ्यांकडे विवरणपत्रेही तो नियमाने पाठवीत असे. अर्ज नामंजूर झाल्याचे त्याला कोणी कळविले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली त्याला निर्दोष ठरविले. पुढे १९६७ साली संसदेने कलम ७ मध्ये 'जाणूनबुजून, हेतुत: वा अन्यथा' अशा आशयाचे शब्द घातले आणि १९७४ साली ते काढून कलम १०-ग ची योजना केली. या कलमाप्रमाणे आरोपीची मन:स्थिती अपराधी होती, असे न्यायालय गृहीत धरते. ती तशी नव्हती, हे आरोपीने शाबीत करावयाचे असते, आणि तेही वाजवी संशयापलीकडे.

या कलमाच्या बळावर काही वेळा असा समज होतो, की आता सर्वच भार आरोपीवर आहे. तो समज चुकीचा आहे. गृहीत धरली जाते ती केवळ मन:स्थिती. विक्री झाली, ती त्या भावाने झाली आणि ती त्या इसमाने केली, हे फिर्यादी पक्षालाच शाबीत करावे लागते. परवान्याविषयीचे कलम १४ ही असेच मर्यादित आहे. परवाना असल्यास तो दाखविण्याचा भार आरोपीवर येतो, इतकेच.

पंच आणि मुद्देमाल

पंचायत सदस्यांचा आणि शिक्षकांचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो पंच म्हणून. त्या परिसरातील दोन वा अधिक निष्पक्ष आणि प्रतिष्ठित रहिवासी झडतीस साक्षी असावेत, अशी कायद्याची अपेक्षा आहे, आणि लेखी आदेशाने बोलावल्यावर वाजवी कारणावाचून नकार देणे हा गुन्हा ठरतो. तरीही गावातील मान्यवर 'आपल्याला कशाला दुकानदाराचे वैर?' म्हणून मागे सरतात. मग अधिकारी नेहमीचेच पंच सोबत आणतो, आणि बचावाचे वकील 'हे गृहस्थ आजवर किती खटल्यांत पंच होते?' एवढा एकच प्रश्न विचारून पंचनाम्याची किंमत उतरवितात. पंचनामा वाचल्यावाचून सही करणारा पंच तर दोन्ही पक्षांचे अहित करतो. जे पाहिले तेच लिहिले आहे ना, हे ताडून सही करणारा पंच न्यायालयात डगमगत नाही. कारण त्याला पाठ केलेले काही सांगावयाचे नसते.

जप्त मालाची निगा हाही पुराव्याचाच भाग होय. कलम ६-क प्रमाणे जिल्हाधिकारी जप्त माल सरकारजमा करू शकतात. मात्र तत्पूर्वी लेखी नोटीस देऊन संबंधितांचे म्हणणे ऐकावे लागते. पुढे खटल्यात आरोपी सुटला, तर माल परत द्यावा लागतो आणि तो देणे शक्य नसल्यास त्याची किंमत वाजवी व्याजासह द्यावी लागते. आंध्र प्रदेशात १९७५ साली एका व्यापाऱ्याचे खत व धान्य जप्त झाले. पुढे माल परत करण्याचा आदेश झाला तेव्हा तो निष्काळजीपणाने खराब होऊन गेलेला होता. नागेंद्र राव या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राज्य शासनास नुकसानभरपाईस जबाबदार धरले. ज्या खतासाठी शेतकरी ताटकळले असतील, ते गोदामात कुजावे आणि त्याचा भुर्दंड जनतेच्या तिजोरीवर पडावा, याहून मोठा विपर्यास तो कोणता?

ग्राहकाची जबाबदारी

महाराष्ट्राला महागाईविरुद्धच्या लोकजागृतीची परंपरा आहे. १९७२ नंतरच्या टंचाईच्या दिवसांत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या जागृतीला पुराव्याची जोड देण्याचा मार्ग आज कायद्याने खुला केला आहे. पूर्वी न्यायालय या गुन्ह्यांची दखल केवळ लोकसेवकाच्या लेखी अहवालावरून घेत असे. १९८६ च्या दुरुस्तीने बाधित व्यक्तीला आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेलाही असा अहवाल देण्याचा अधिकार मिळाला. हा अधिकार वापरावयाचा, तर गिऱ्हाइकाने पावती मागितली पाहिजे, ती जपली पाहिजे आणि तक्रारीत दिवस, वेळ, वस्तू, माप व दिलेली रक्कम लिहिली पाहिजे. शाळेत गणित शिकविताना एखाद्या पावतीचा आणि भावफलकाचा हिशेब मुलांकडून करून घेतला, तर तो धडा घराघरांत पोहोचेल. ग्रामपंचायतीच्या फलकावर अंमलात असलेला भाव, त्याची तारीख व आदेशाचा क्रमांक लागला, तर 'भाव ठाऊक नव्हता' ही सबब दुकानदाराला उरणार नाही आणि गिऱ्हाइकालाही उरणार नाही.

शेवटी एका गोष्टीचा विसर पडू नये. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणारा प्रत्येक दुकानदार नफेखोर नसतो. घाऊक व्यापाऱ्याने पावतीवाचून चढ्या भावाने माल गळ्यात मारलेला खेड्यातील किराणा दुकानदारही तेथे उभा असू शकतो. काळजीपूर्वक जमविलेला पुरावा दोघांतील फरक दाखवितो आणि धागा पुरवठ्याच्या मूळ टोकापर्यंत नेतो. घाईने जमविलेला पुरावा मात्र बड्यास सोडतो आणि छोट्यास वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावतो. गरिबाच्या ताटातील घास रास्त भावाने मिळावा यासाठी हा कायदा आहे. त्याची ताकद जशी शिक्षेच्या वर्षांत आहे, तशीच ती दुकानाच्या फळीवर बसून, वजन पाहून, शब्दन् शब्द वाचून सही केलेल्या त्या एका पंचनाम्यातही आहे.